विस्मयांक साठ

माझ्या मुलीला बी.एस्सी.ला ब्याण्णव टक्के मार्क पडले होते आणि विस्मयांक होता एकवीस. एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रवेशाला लागत होता साठ.

मी विम्याची एजंट. मला फिजिक्समधलं कळतं किती, तर पंखा का फिरतो इतपत. पण नवरा फिजिक्सचा प्राध्यापक आणि लेक त्याचीच विद्यार्थिनी म्हटल्यावर जेवताना दुसरं बोलणं नसायचं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. त्यामुळे विस्मयांकाची भानगड मी तुम्हाला सांगू शकते, आणि नको तितकी नीट सांगू शकते.

पूर्वी या प्रवेशाच्या अटी सरळ होत्या. बी.एस्सी.ला फिजिक्स मुख्य विषय, पंचावन्न टक्के आणि एक लेखी परीक्षा. मग यंत्रं हुशार झाली. गणितं तीच सोडवायला लागली, सिद्धता तीच लिहायला लागली, आणि लेखी परीक्षेत पोरगं स्वतःच्या डोक्यानं लिहितंय की चष्म्यातल्या यंत्राच्या, हे ओळखता येईना. त्याहून मोठा प्रश्न असा की सगळं यंत्रच करणार तर फिजिक्सवाला माणूस पाहिजे कशाला? विद्यापीठानं त्याचं उत्तर शोधलं. यंत्राला आजवर लिहून ठेवलेलं सगळं येतं. पण जगानं कुठं लिहून न ठेवलेलं काही केलं, तर यंत्र ते खराब रीडिंग म्हणून फेकून देतं. तिथं उभं राहून 'थांबा, हे काहीतरी वेगळं घडतंय' म्हणणारा माणूस लागतो. अशी माणसं थोडीच पुरतात, म्हणून अख्ख्या राज्यात जागा ठेवल्या चाळीस.

अशी माणसं ओळखायची कशी, तर टोपीनं. आपला मेंदू म्हणे सारखे अंदाज बांधत असतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तेव्हा पोटात खड्डा पडतो, तो चुकलेला अंदाज. असा अंदाज चुकला की मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. ती सगळ्यांच्यात उठते, तान्ह्या बाळातही. पण तिच्यामागून आणखी एक लाट येते. 'बरं बाबा, माझं चुकलं, आता अंदाज बदलतो' असं कबूल करणारी. ही दुसरी लाट सगळ्यांना येत नाही. या लाटा समोर खरं जे घडतंय त्याच्याशी किती जुळतात, ते टोपी मोजते. शंभरापैकी जो आकडा येतो तो विस्मयांक. संधी दोन, तिसरी नाही.

आमच्या शरयूला लहानपणापासून एकच वेड, एम.एस्सी. फिजिक्स. पोरी बाहुलीचं लग्न लावायच्या, ही बाहुलीला गच्चीवरून सोडून किती सेकंदांत खाली येते ते मोजायची. तालुक्याच्या गावात असलं वेड म्हणजे थट्टेचा विषय. पण सरांना (मीही त्यांना सरच म्हणते, सगळं गाव म्हणतं) तिचा केवढा अभिमान. कॉलेजात ती त्यांना सर म्हणायची आणि घरी पप्पा, आणि दोन्हीत कधी चुकायची नाही.

पहिल्या संधीला आम्ही तिघं पुण्याला गेलो. पोरगी हसत बाहेर आली.

"एवढं सोपं असतंय होय," ती म्हणाली. "लोलक दिला होता, दोरीला गोळा लटकवलेला. आणि साधं स्टॉपवॉच. जी काढायचा होता, गुरुत्वाकर्षणाचा. आपण फर्स्ट इयरला काढतो तोच."

"किती आला?" सरांनी विचारलं.

"नऊ पॉइंट आठ एक."

"शाब्बास," सर म्हणाले, आणि आम्ही मस्तानी प्यायला गेलो.

निकाल आला तेव्हा घरात कुणी जेवलं नाही. विद्यापीठाची एक चांगली पद्धत आहे, नापास झालेल्याला बोलावून त्याच्या परीक्षेचं चित्रीकरण दाखवतात. समुपदेशक होत्या डॉ. इनामदार, आवाजानं मऊ बाई. त्यांनी पडदा चालू केला. टेबलाखाली एक विद्युतचुंबक लपवलेला होता आणि गोळा लोखंडाचा होता. चुंबक गोळ्याला खाली ओढत होता, म्हणून लोलक नेहमीपेक्षा घाईत हलत होता. त्या दिवशी त्या टेबलावर जी अकराच्या आसपास यायला हवा होता.

पडद्यावर आमची शरयू झोके मोजत होती. वीस झोके झाले, तिनं घड्याळ थांबवलं. घड्याळात अडतीस सेकंद स्पष्ट दिसत होते. तिनं कागदावर लिहिलं, चाळीस.

"मी असं केलं नाही," शरयू म्हणाली. "मॅडम, मला चाळीसच दिसलं."

"मला माहीत आहे, बाळ. तू खोटं लिहिलं नाहीस." इनामदार बाईंनी दोन रेघा दाखवल्या. "ही पहिली लाट बघ, चांगली उंच आहे. तुझ्या डोळ्यांना फरक कळला होता. दुसरी लाट आलीच नाही. तुझ्या मेंदूला उत्तर आधीच माहीत होतं, त्यानं डोळ्यांना गप्प बसवलं. तुमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल कसं घेतात?"

कसं घेतात ते मला माहीत होतं, फिजिक्स घेतलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला विचारा. प्रयोगाला उभं राहिलं की पोरं आधी विचारतात, सर, किती यायला पाहिजे? सर सांगतात, नऊ पॉइंट आठ. मग पोरं उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग काढतात. त्याला रीडिंग कूक करणं म्हणतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांना मिळून एक धड लोलक, घड्याळाचं बटण अडकतंय, बाहेरचे परीक्षक येणार आणि फक्त शेवटचं उत्तर बघणार. सर काही वाईट शिक्षक नाहीत. पोरांचे मार्क जाऊ नयेत एवढीच त्यांची धडपड. इतकी वर्षं त्यांच्या सहीनं पोरं पास होत आली आणि त्यांना आहेराचे टॉवेल-टोपी देत आली.

घरी आल्यावर शरयूनं तोंड उघडलं.

"पप्पा, एकदा तरी मला म्हणाला असतात, की काय दिसतंय ते लिही."

"उत्तर चुकलं असतं तर परीक्षकानं मार्क कापले असते, बेटा."

"मग कापू द्यायचे होते. आता डोळेच कापले ना तुम्ही माझे."

सर उठून आत गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही, कारण मलाही राग आला होता. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते माझ्या घरात झालं होतं, आणि कुंपण बिचारं शेताची राखण करतोय समजूनच खात होतं.

दुसरे दिवशी सकाळी उठून बघते तर सरांनी हॉलचा पंखा उतरवलेला. ऐन एप्रिलमध्ये. पंख्याच्या हुकाला दोरी, दोरीला लोखंडी गोळा.

"दुसरी संधी जूनमध्ये आहे," ते शरयूला म्हणाले. "आपण पहिल्यापासून सुरू करू. मी काहीच सांगणार नाही. तू फक्त बघायचं."

योजना अशी होती. रोज सकाळी शरयू आंघोळीला गेली की मी लोलकात काहीतरी बदल करायचा. कधी दोरी बोटभर वर घ्यायची, कधी गोळ्याला मागून मेणाचा तुकडा चिकटवायचा, कधी खाली चुंबक ठेवून वर सतरंजी टाकायची. सरांना स्वतःला माहीत असून चालणार नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून पोरीला उत्तर कळलं असतं. मी विम्यातली असल्यामुळे माझ्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. शरयू येऊन मोजायची आणि काय बिघडलंय ते सांगायची.

सुरुवातीला तिला काहीच दिसेना. मी दोरी वीतभर आखूड केली तरी ती नऊ पॉइंट आठ काढून मोकळी. स्वतःच लिहिलेला आकडा आणि घड्याळातला आकडा शेजारी शेजारी बघायची आणि रडायची. मला वाटायचं, नको ते एम.एस्सी., पोरगी हसती-खेळती राहू दे. पण सर रोज म्हणायचे, परत मोज.

मग एके दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि हॉलमधून हाक आली.

"मम्मी, हे बरोबर नाही. गोळा डावीकडे जास्त जायलाय."

मी चुंबक डावीकडेच ठेवला होता. हाताला पीठ तशीच मी बाहेर गेले आणि तिला धरलं. तिच्या अंगाला काटा आला होता. म्हणाली, "मम्मी, पोटात खड्डा पडला. खरंच पडला." सर खुर्चीत बसून चष्मा पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. इतकं सुख त्या घरात मी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तिला रोज दिसायला लागलं. मी जे बदलेन ते ती पकडायची. सरांनी तिला विचारायची पद्धतही बदलली. आधी विचारायचे, 'काय दिसलं?' आता विचारायचे, 'आज काय बिघडलंय?' मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मे महिन्यात आम्ही भाजीला गेलो असताना तिनं कांदेवालीला अडवलं. म्हणे तुमचा काटा कमी दाखवतो. बाई बिचारी ओळखीची, तिनं शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर कांदे ठेवले. वजन तंतोतंत निघालं. शरयू म्हणाली, "हा पण काटा बिघडलाय." मी हसून विषय संपवला आणि कांदेवालीला दहा वेळा माफ कर म्हटलं. मग घरातलं घड्याळ मागं पडायला लागलं, सरांच्या शुगरच्या मशीनवर तिचा विश्वास राहिना, माझ्या ब्लाऊजची बाही एका बाजूला लांब आहे म्हणून तिनं टेप लावून मोजली. दोन्ही बाह्या सारख्या होत्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, मी मनाशी म्हटलं. पण ही ताक फुंकत नव्हती. ताकात तिला वाफा दिसत होत्या.

त्याच आठवड्यात माझ्या मावशीचं निधन झालं आणि पहाटे फोन आला. त्या गडबडीत मी लोलकाला हातच लावला नाही. शरयूनं नेहमीसारखं मोजलं आणि सांगितलं, "आज गोळा जड केलाय आणि दोरी खाली सोडलीय. जी साडेनऊच्या आत येतोय."

"शरयू," मी म्हटलं, "आज मी काहीच केलेलं नाही. काल रात्री पप्पांनी सगळं पूर्ववत करून ठेवलंय, तसंच आहे ते."

"केर काढताना धक्का लागला असेल."

"केर काढलाच नाही अजून."

ती खांदे उडवून आत गेली. मी सरांना गाठलं. म्हटलं, "अहो, तिला नसलेलं दिसायला लागलंय. गेले दीड महिने आपण रोज काहीतरी बदलतोय. एक दिवस सुद्धा मोकळा सोडला नाही. तिला आता हेच पाठ झालंय की फरक असतोच."

सर लोलकापाशी गेले. त्यांनी दोरीला हात लावला, गोळा बघितला. मोजपट्टी त्यांच्या हाताशीच होती. ती त्यांनी उचलली नाही.

"दोरी उन्हाळ्यानं ताणली असेल," ते म्हणाले. "एवढ्या कष्टानं तिला दिसायला लागलंय, सुवर्णा. आता तू मध्ये काही घालू नको."

"एकदा मोजून तर बघा."

"कशाला मोजायचं? ती सांगतेय ना."

मी विम्याचा धंदा वीस वर्षं केलाय. फॉर्मवर 'कुठलाही आजार नाही' लिहिणारी माणसं रोज बघते. ती खोटारडी नसतात. आजार नसावा अशी त्यांची इतकी इच्छा असते की त्यांना तो आठवतच नाही. सरांचा चेहरा तेव्हा तसा होता. मी दोघांशी चार-चार वेळा बोलले. भांडले, अबोला धरला, शेवटी लोलक काढून ठेवते म्हटलं तर शरयू म्हणाली, तुला मी पास व्हायला नकोय. यापुढं आई काय बोलणार?

जूनमध्ये आम्ही परत पुण्याला गेलो. शरयू आत गेली आणि सर बाहेर जपमाळ ओढल्यासारखे बोटं मोडत बसले. ती तासाभरानं बाहेर आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. सगळ्या पालकांच्या देखत तिनं सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दिसलं, पप्पा. लोलक रेंगाळत होता. यावेळी वरून ओढत होते बहुतेक. नऊ पॉइंट दोन आला. तुम्ही नसतात तर मी परत नऊ पॉइंट आठ लिहून आले असते."

सरांनी तिला उठवलं.

दुसऱ्या संधीनंतर आधी पालकांना आत बोलावतात, उमेदवार बाहेर थांबतो. इनामदार बाईंनी आम्हाला पाणी दिलं, तेव्हाच मला कळलं.

"आज टेबलाखाली काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळेला आम्ही काही जणांना साधं टेबल देतो. जे आहे ते आहे तसं दिसणं, तेच जास्त कठीण असतं."

पडद्यावर घड्याळ चाळीस सेकंद दाखवत होतं. शरयूनं लिहिलं होतं साडेएक्केचाळीस. विस्मयांक नऊ.

"पहिली लाट उठलीच नाही यावेळी," बाई म्हणाल्या. "उठायचं कारणच नव्हतं. पण दुसरी खूप मोठी आहे. जग काहीच बोललं नाही आणि तिनं कबुली देऊन टाकली. असं आम्ही फार थोड्यांमध्ये पाहिलंय. तिला घरी कुणी शिकवत होतं का?"

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

बाहेर शरयू दुसऱ्या एका मुलीला हातवारे करून लोलक समजावून सांगत होती. आम्हाला बघून धावत आली. सर भिंतीला टेकून उभे राहिले, म्हणून मलाच सांगावं लागलं. मी तिचा हात हातात घेतला.

"टेबलाखाली काही नव्हतं, शरयू. लोलक साधा होता. घड्याळात चाळीस सेकंदच होते. आम्ही बघून आलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कोसळेल, आणि मी तिला सावरायला हात पुढं केला. ती कोसळली नाही. माझ्याकडे बघून तिनं हसून मान डोलावली, पोर चांगलं पाठांतर म्हणून दाखवतं तेव्हा डोलावतात तशी.

"त्यांनी तुम्हाला असं सांगायला लावलं ना?" ती हळूच म्हणाली, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "टेस्ट संपलेली नाही अजून. मी नऊ पॉइंट दोनवर ठाम राहते की नाही ते बघायलेत. मी राहणार आहे, मम्मी. तू काळजी करू नको."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी बोलावं म्हणून बघितलं. एकदा तरी त्यांनी म्हणावं की नाही बेटा, तुझं चुकलं, आणि चुकवलं मी. ते म्हणाले असते तर कदाचित तिनं ऐकलं असतं, तिचा त्यांच्यावर तितका विश्वास होता. सर म्हणाले, "चला, गाडीची वेळ होईल."

जुलैत चाळीस जणांची यादी लागली. शरयू हॉलमध्ये बसून होती. बॅग तिनं आठवड्यापूर्वीच भरली होती, वसतिगृहासाठी चादर आणि बादलीसुद्धा. तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आपलं नाव नाही म्हणून ती दचकली नाही, तिच्या चेहऱ्यावर काही हललंच नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, एखादी तरी लाट दिसावी म्हणून.

तिनं फोन सरांच्या पुढं धरला.

"बघा पप्पा," ती कौतुकानं म्हणाली, "किती खरी वाटते."

सरांनी चष्मा लावला, यादी वाचली, आणि म्हणाले, "हो, वाटते खरी."